बेगम समरू : एका वारशाची कथा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. आजवर या पानांत संतांची, समाजसुधारकांची व देशभक्तांची चरित्रे आली आणि ती वाचकांनी आवडीने वाचली. यंदा आम्ही निवडलेली व्यक्ती मात्र आपल्या ज्ञातीची नाही, आपल्या प्रांताची नाही आणि आपल्या धर्माचीही नाही. तेव्हा या निवडीचे कारण आरंभीच सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मंडळाच्या कुलवृत्तान्तासाठी वंशावळी जमविण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळेचा सदुपयोग व्हावा म्हणून आम्ही ते पत्करले. घरोघर जाऊन जुन्या वह्या व कागदांची दप्तरे चाळताना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस आली. वंशावळीत पुरुषांची नावे सात सात पिढ्या सलग सापडतात. स्त्रियांच्या जागी बहुधा रेघ असते. बालविधवा आत्या, निपुत्रिक काकू, घरात वाढलेला दुरचा भाचा, यांचा तर तेथे मागमूसही नसतो. परंतु ज्या घरात कोणी मृत्युपत्र करून ठेवले, किंवा दुर्दैवाने भाऊबंदकी कोर्टात गेली, त्या घराच्या कागदांत ही सारी माणसे नावागावांसह भेटतात. कोणाचे कोणाशी काय नाते, कोणावर कोणाची माया, कोणाला जाणूनबुजून वगळले, हे सर्व तेथे स्पष्ट होते.

या अनुभवाचे सर्वांत ठळक उदाहरण आम्हास बेगम समरूच्या चरित्रात आढळले. तिचा पराक्रम इतिहासकारांनी लिहून ठेवला आहे. तिचे कुटुंब मात्र मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे व न्यायनिवाडे यांच्या आधारेच नीट उलगडते. शिवाय तिचे चरित्र महादजी शिंदे यांच्या उत्तरेकडील कारभाराशी आणि आपल्या मराठवाड्यातील असईच्या रणांगणाशी जोडलेले असल्याने मराठी वाचकांस ते अगदीच परके वाटू नये.

पूर्ववृत्त

बेगमेचे मूळ नाव फरजाना. तिचा जन्म १७५० नंतरच्या दोन-चार वर्षांतला मानतात. मेरठजवळील कोताना हे तिचे गाव. पिता मुसलमान सरदार घराण्यातील, परंतु घर मोडकळीस आलेले. माता त्याची विवाहाची पत्नी नव्हती. पित्याच्या मृत्यूनंतर सावत्र नातलगांच्या जाचामुळे माता मुलीला घेऊन दिल्लीस आली आणि फरजाना नाचगाण्याच्या पेशात शिरली. घरातून निघालेल्या बाईला त्या काळात दुसरा मार्ग तो कोणता असणार? तिला दोष देण्यापूर्वी वाचकांनी त्या काळच्या दिल्लीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पातशाही नावापुरती उरलेली, आज नादिरशहा तर उद्या अब्दाली, रोहिले, जाट व मराठे यांच्या फौजांची ये-जा अखंड चाललेली. अशा नगरीत एका निराधार मुलीचे रक्षण कोण करणार?

याच सुमारास तिची गाठ वॉल्टर राइनहार्ट या युरोपीय भाडोत्री सेनानीशी पडली. त्याच्या उदास चेहऱ्यावरून त्याला सोंब्र म्हणत असे सांगतात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे समरू झाले. मीर कासिमच्या पदरी असताना १७६३ मध्ये पाटण्यास इंग्रज कैद्यांची जी कत्तल झाली, ती याच्याच हातून झाली. त्यामुळे इंग्रज त्याच्या जिवावर उठले होते. तो एका दरबारातून दुसऱ्या दरबारात आश्रय शोधीत फिरला आणि अखेरीस पातशहा शहाआलमच्या चाकरीत त्याला मेरठजवळील सरधन्याची जहागीर मिळाली. फरजाना या साऱ्या भटकंतीत त्याच्याबरोबर होती. छावणीत राहून पलटणींचा कारभार, पगाराचा हिशेब व दरबारातील डावपेच ती शिकली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. समरूला आधीची एक मुसलमान स्त्री होती. तिला बडी बीबी म्हणत. तिच्या मनाचा तोल गेलेला होता. तिच्यापासून समरूला एक मुलगा होता, तो जफरयाबखान. फरजानेला स्वतःला मात्र मूलबाळ झाले नाही.

समरू ४ मे १७७८ रोजी आग्र्यास मरण पावला. मुलगा अजाण व दुर्बल होता. पलटणींनी व त्यांच्या युरोपीय अंमलदारांनी जहागिरीचा व सैन्याचा भार बेगमेनेच घ्यावा असा आग्रह धरला आणि पातशहाने त्यास मान्यता दिली. तीन वर्षांनी, १७८१ च्या मे महिन्यात, तिने आग्र्यास रोमन कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली व जोआना हे नाव स्वीकारले. सावत्र मुलासही तेव्हाच बाप्तिस्मा देण्यात आला.

शिंदेशाहीच्या छायेत

१७८४ मध्ये महादजी शिंदे यांनी पातशाहीचे वकील-इ-मुत्लक हे पद मिळविले आणि दिल्लीचा कारभार मराठ्यांच्या हाती आला. बेगमेने महादजींचे वर्चस्व ओळखून त्यांच्याशी सलोख्याने वागण्याचे धोरण ठेवले. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेनंतर महादजींना काही काळ मागे हटावे लागले. ती संधी साधून गुलाम कादर रोहिला दिल्लीवर चालून आला, तेव्हा बेगमेने आपल्या पलटणी घेऊन पातशहाचा बचाव केला. त्याने तिला आपल्या बाजूस वळविण्याचा प्रयत्न केला. ती वळली नाही. पुढील वर्षी गोकुळगडच्या वेढ्यात नजफकुलीखानाने रात्री पातशाही छावणीवर अचानक हल्ला केला. पातशहाचे प्राण धोक्यात आले असता बेगम पालखीत बसून आपल्या तोफा व शिपाई घेऊन पुढे झाली व तिने बाजू सावरली. जेबुन्निसा, म्हणजे स्त्रियांचे भूषण, हा किताब तिला पातशहाने दिला.

याच काळात माळव्यात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर राज्य करीत होत्या. दोघींची तुलना करण्याचा आमचा मानस नाही. शील, संस्कार व परिस्थिती या सर्वच बाबतींत दोघींत महदंतर होते. परंतु पतीच्या पश्चात पुरुषांच्या रणधुमाळीत दौलत राखून दाखविणे हे काम दोघींनीही केले, आणि दोघींपुढेही वारसाचा प्रश्न उभा राहिला, हे साम्य विचार करण्याजोगे आहे.

१७९५ चा प्रसंग

बेगमेच्या आयुष्यातील मोठी चूक म्हणजे तिचा दुसरा विवाह. १७९३ मध्ये तिने लव्हासू नावाच्या आपल्या फ्रेंच अंमलदाराशी गुप्तपणे लग्न केले. तो सुशिक्षित असला तरी गर्विष्ठ होता. इतर अंमलदारांना तो तुच्छ लेखी. त्यामुळे पलटणींत असंतोष माजला आणि १७९५ मध्ये बंड झाले. बंडवाल्यांनी दिल्लीहून जफरयाबखानाला आणून गादीवर बसविले. बेगम व तिचा पती इंग्रजांच्या हद्दीकडे पळत असताना वाटेत गाठले गेले. शत्रूच्या हाती जिवंत लागायचे नाही असे दोघांनी ठरविले होते. बेगमेने स्वतःवर खंजीर चालविला; ते पाहून तिच्या पतीने पिस्तुलाने प्राण दिला. जखम खोल नसल्याने बेगम वाचली. तिला कैद करून सरधन्यास आणले व काही दिवस तोफेला बांधून ठेवले.

या संकटात तिच्या मदतीस धावला तो तिचाच एक जुना अंमलदार, जॉर्ज टॉमस. हा आयरिश शिपाईगडी पूर्वी तिच्या पदरी होता; पण लव्हासूच्या काळात त्याला चाकरी सोडावी लागली होती. झाले गेले विसरून त्याने शिंद्यांच्या सुभेदाराच्या साह्याने १७९६ मध्ये बेगमेला पुन्हा जहागिरीवर बसविले. जफरयाबखानाची रवानगी नजरकैदेत दिल्लीस झाली आणि तेथेच काही वर्षांनी तो मरण पावला.

या घटनेनंतर बेगमेने दुसऱ्या पतीचे नाव पुन्हा उच्चारले नाही. ती अखेरपर्यंत समरूची विधवा म्हणूनच वावरली. जॉर्ज टॉमसचे उपकार मात्र ती विसरली नाही. १८०२ मध्ये तो निधन पावल्यावर त्याच्या बायकामुलांचा सांभाळ तिने केला; त्याच्या मुलाला तर घरच्यासारखे वाढविले. पुढे तिच्या मृत्युपत्रात या कुटुंबासाठी ठेवलेली रक्कम दिसते, तिचे मूळ या प्रसंगात आहे.

असईनंतर

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावी, दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांची वेलस्लीशी लढाई झाली. बेगमेच्या काही पलटणी कर्नल सालूरच्या हुकमतीखाली शिंद्यांच्या बाजूने तेथे होत्या. सामानाच्या रक्षणाचे काम त्यांच्याकडे असल्याने त्या बऱ्याचशा सुरक्षित परत गेल्या. त्याआधीच, त्याच महिन्यात, दिल्ली इंग्रजांनी घेतली होती. बेगमेने बदलते वारे ओळखून जनरल लेककडे शरणागती पत्करली.

१८०५ मध्ये कंपनी सरकारशी तिचा करार झाला. सरधन्याची जहागीर तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहील आणि तिच्या मृत्यूनंतर ती सरकारजमा होईल, असे त्यात ठरले. म्हणजे पुढची एकतीस वर्षे बेगम आपल्या जमिनीवर मालकिणीसारखी राहिली, तरी ती जमीन कोणास देऊन जाण्याचा हक्क तिला नव्हता. वसुलातून वाचविलेला पैसा, रोखे, घरे व जडजवाहीर एवढेच तिचे स्वतःचे. ही वस्तुस्थिती तिने मनात पक्की धरली. शेती सुधारून वसूल वाढविला, हिशेब काटेकोर ठेवला व पैसा कंपनीच्या रोख्यांत गुंतविला. दानधर्मही मोठा केला. सुमारे चार लाख रुपये खर्चून तिने सरधन्यास भव्य चर्च बांधले. ते १८२२ मध्ये पुरे झाले. तेथे पाद्री तयार करण्याचे विद्यालय काढले. रोमच्या पोपकडे व इंग्लंडच्या धर्माध्यक्षांकडेही मोठ्या रकमा पाठविल्या. दिल्लीत चांदणी चौकात तिने बांधलेला वाडा पुढे भगीरथ पॅलेस या नावाने प्रसिद्ध झाला.

सवतीचा पणतू

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. एवढ्या संपत्तीला वारस कोण?

जफरयाबखानाच्या मागे ज्युलिया ॲन नावाची मुलगी होती. बापाने बंडात भाग घेतला होता तरी बेगमेने त्या पोरीवर राग धरला नाही. १८०६ मध्ये तिने तिचे लग्न आपल्या चाकरीतील जॉर्ज डाइस याच्याशी लावून दिले. हा डाइस एका स्कॉटिश अंमलदाराचा हिंदी स्त्रीपासून झालेला मुलगा. या जोडप्यास १८०८ च्या डिसेंबरात मुलगा झाला. दिल्लीचे इंग्रज अधिकारी डेव्हिड ऑक्टरलोनी यांच्या नावावरून त्याचे नाव डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस असे ठेवले. त्याच्या पाठीवर जॉर्जियाना व ॲन मेरी या दोन बहिणी. बेगमेने डेव्हिडला लहानपणीच आपल्या मांडीवर घेतले. १८२० मध्ये त्याची आई वारली, तेव्हा बेगमच त्याची सर्वस्व झाली.

वाचकांनी हे नाते बोटांवर मोजून पाहावे. डेव्हिड हा समरूचा पणतू. परंतु बडी बीबीकडून. बेगमेशी त्याचे रक्ताचे नाते काडीचेही नाही. तो तिच्या सवतीचा पणतू, आणि ज्याला बंडवाल्यांनी तिच्या जागी बसविले त्या जफरयाबखानाचा नातू. अशा मुलाला बेगमेने आपला केला! मनाचा तोल गेलेली ती सवतही सरधन्यात सांभाळली गेली. बेगमेच्या मागे दोन वर्षे जगून ती १८३८ मध्ये वारली.

डेव्हिडचा बाप जॉर्ज डाइस काही वर्षे जहागिरीचा कारभारी होता. परंतु तो बेगमेच्या मर्जीतून उतरला व त्याला काढून टाकण्यात आले. त्याची जागा तरुण मुलाकडे आली. बापलेकांत येथूनच वितुष्ट सुरू झाले.

१८३१ मध्ये बेगमेने मृत्युपत्र केले. तो कागद म्हणजे तिच्या कुटुंबाचे खरे चित्र होय. मुख्य वारस डेव्हिड; अट एकच, त्याने आपल्या नावापुढे सोंब्र हे नाव लावावे. त्याच्या दोघी बहिणींस वेगळ्या रकमा. जॉर्ज टॉमसच्या कुटुंबास रकमा. अंमलदार व आश्रित यांचीही आठवण. कर्नल क्लेमेन्स ब्राउन व डेव्हिड यांस व्यवस्थापक नेमले. डेव्हिडच्या बापासाठी मात्र वारशात जागा ठेवली नाही. एवढ्यावर ती थांबली नाही. पुढे कोणी शंका काढील हे ओळखून १८३४ मध्ये तिने मेरठच्या इंग्रज अधिकाऱ्यांस बोलावून, सर्वांदेखत बक्षीसपत्राने आपली खाजगी मालमत्ता डेव्हिडच्या स्वाधीन केली. ऐंशी वर्षांच्या त्या बाईची ही दूरदृष्टी आजच्या शिकलेल्या माणसांनी घेण्यासारखी आहे. आपण हयात असताना, शुद्धीवर असताना व चार जबाबदार माणसांसमक्ष तिने आपली इच्छा कागदावर उतरविली.

२७ जानेवारी १८३६ रोजी बेगमेने सरधन्यास देह ठेवला. करारानुसार कंपनी सरकारने जहागीर ताब्यात घेतली. गुडगावकडील बादशाहपूर-झारसा हा परगणाही घेतला. तो जहागिरीपैकी नव्हे, असे वारसाचे म्हणणे होते. हा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व १८७२ पर्यंत चालला. बेगमेचे मृत्युपत्र मात्र टिकले. बापाने मुलावर कलकत्त्यास दावा लावला, त्यानेही ते ढळले नाही. बाप १८३८ मध्ये वारला. डेव्हिडच्या हाती सुमारे ५ लाख पौंडांची दौलत आली.

वारसाची शोकांतिका

डेव्हिड आता डाइस सोंब्र झाला व १८३८ मध्ये विलायतेस गेला. सावळ्या वर्णाचा, अफाट पैसेवाला, हिंदी रीतिरिवाजांत वाढलेला हा तरुण लंडनच्या मेजवान्यांत कुतूहलाचा विषय झाला. १८४० च्या सप्टेंबरात त्याने व्हायकाउंट सेंट व्हिन्सेंटची कन्या मेरी ॲन जर्व्हिस हिच्याशी विवाह केला. १८४१ मध्ये सडबरी मतदारसंघातून तो पार्लमेंटवर निवडून आला. हिंदुस्थानी रक्ताचा माणूस ब्रिटिश पार्लमेंटात बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये निवडून आले, त्याच्या अर्धशतक आधीचा. परंतु त्या निवडणुकीत लाचलुचपत झाल्याचे सिद्ध होऊन १८४२ मध्ये त्याची निवड रद्द झाली.

संसारही सुखाचा झाला नाही. पत्नी पुरुषमंडळींत मोकळेपणी वावरे, हे जनानखान्याच्या रीतीत वाढलेल्या पतीस सहन होईना. संशयाने त्याचे मन पोखरले. तो भलभलते आरोप करू लागला, द्वंद्वयुद्धाची आव्हाने देऊ लागला. १८४३ मध्ये लंडनमध्ये चौकशी होऊन त्याला वेडा ठरविण्यात आले व त्याच्या मालमत्तेचा ताबा न्यायालयाकडे गेला. हा वेडाचा प्रकार की दोन समाजांच्या चालीरीतींतील अंतर, याचा खल तेव्हाही झाला व आजही अभ्यासक करतात. आमचे मत असे की दोन्हींचा थोडाथोडा अंश असावा. कारण त्याचे काही आरोप कोणत्याही समाजात शहाणपणाचे मानले गेले नसते. तो पहारा चुकवून पॅरिसला पळाला. तेथील व इतर देशांतील वैद्यांकडून आपण शहाणे असल्याचे दाखले त्याने मिळविले आणि १८४९ मध्ये आपल्यावरील आरोपाचे खंडन करणारे शेकडो पानांचे पुस्तक छापले. इंग्लंडच्या न्यायालयाचे मन वळले नाही.

त्याच १८४९ साली त्याने आपले मृत्युपत्र केले. पत्नीला वगळून त्याने आपल्या संपत्तीचा मोठा भाग सरधन्यास शाळा काढण्यासाठी ठेवला आणि त्याची अंमलबजावणी ईस्ट इंडिया कंपनीच्या वरिष्ठांवर सोपविली. १ जुलै १८५१ रोजी लंडनमध्ये तो निधन पावला. वय अवघे बेचाळीस.

मग प्रोबेटचा कज्जा उभा राहिला. एका बाजूस शाळेसाठी ठेवलेला पैसा मागणारी कंपनी. दुसऱ्या बाजूस विधवा पत्नी, आणि ट्रूप व सोलारोली या घराण्यांत दिलेल्या दोघी बहिणींकडील मंडळी. साक्षीपुरावे हिंदुस्थान, फ्रान्स, इटली व इंग्लंड येथून गोळा झाले. सरधन्यात कोण कोणाचे, लग्ने कशी झाली, मुलगा कसा वाढला, बेगम त्याला काय म्हणे, हे सारे विचारले व लिहून घेतले गेले. बडी बीबीपासून डेव्हिडपर्यंतची ही वंशावळ आज आपण निःशंकपणे मांडू शकतो, याचे मोठे श्रेय अशा कागदांस आहे. १८५६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मृत्युपत्र करणारा शुद्धीवर नव्हता, सबब ते रद्द. प्रिव्ही कौन्सिलनेही तोच निकाल कायम केला. कायद्याने पत्नी व बहिणी वारस ठरल्या. सरधन्याची शाळा कागदावरच राहिली.

आम्ही छत्तीस वर्षे मास्तरकी केली. त्यामुळे हा निकाल वाचताना आमच्या मनास जी चुटपूट लागली ती कोणी हसू नये. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मनात पत्नीविषयी राग असेल, भ्रमही असेल. पण ज्या गावाने आपल्याला वाढविले त्या गावच्या मुलांना शिकायला मिळावे, ही इच्छा काही वेडाची नव्हती. न्यायालयापुढे मात्र प्रश्न इच्छा चांगली की वाईट हा नसतो. इच्छा करणारे मन स्वस्थ होते काय, एवढाच असतो. निकाल कायद्याने योग्य असेल. जी काळजी बेगमेने १८३१ व १८३४ मध्ये घेतली, ती घेण्याची सवड तिच्या वारसाला नशिबाने दिली नाही.

पुढे त्या विधवेने १८६२ मध्ये फॉरेस्टर घराण्यात दुसरा विवाह केला व १८९३ मध्ये ती निधन पावली. पतीचे पार्थिव तिकडे लंडनमध्ये होते. १८६७ मध्ये ते सरधन्यास आणून बेगमेच्या सान्निध्यात ठेवण्यात आले. रोमचा शिल्पकार तादोलिनी याने घडविलेले बेगमेचे संगमरवरी स्मारक तेथील चर्चमध्ये आहे. बेगम उच्चासनावर बसलेली, आणि जवळ शोकमग्न डेव्हिड उभा. पोपनी १९६१ मध्ये या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला. बेगमेच्या वाड्यात पुढे मिशनची शाळा भरू लागली. डेव्हिडचे मृत्युपत्र रद्द झाले, तरी मुले अखेर त्या वाड्यात शिकली, याचे आम्हास समाधान वाटते.

आपल्या घरचा विचार

आता थोडे घरचे सांगून लेख पुरा करतो. आमची एक चुलत आजी होती. पतीच्या मागे ती तीन खोल्यांच्या घरात राहिली. आपल्या पश्चात हे घर आपल्याला सांभाळणाऱ्या भाचीला मिळावे, आणि परसातली जागा ज्ञातीच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला द्यावी, असे ती प्रत्येक सणाला सर्वांसमक्ष बोलून दाखवी. घरातील वडीलधारे मान डोलावीत. आम्हीही त्यांत होतो. आम्ही मास्तर, गावाची पत्रे व अर्ज लिहून देत होतो. परंतु त्या म्हातारीपुढे कागद ठेवून दोन साक्षीदार बोलावण्याचे आमच्या हातून झाले नाही. जिवंत माणसापुढे मृत्युपत्राची गोष्ट काढणे अभद्र वाटे. ती गेल्यावर तेच मान डोलावणारे वारस म्हणून उभे राहिले. अकरा वर्षे दिवाणी दावा चालला. भाचीला घर सोडावे लागले. परसातल्या जागेवर आज दुकानाचे गाळे आहेत. कुलवृत्तान्तासाठी आजीची नोंद आम्ही स्वतः लिहिली, तेव्हा भाचीचे नाव कोणत्या नात्याने घालावे हा प्रश्न आम्हास पडला. अखेर तिचे नाव आम्ही आजीच्या नावाखालीच लिहिले, कारण आजीची तीच इच्छा होती.

ज्ञातिबांधवांना व भगिनींना आमची हात जोडून विनंती आहे. मृत्युपत्र करणे म्हणजे मरण ओढवून घेणे नव्हे. प्रकृती चांगली असताना, डोके शांत असताना, दोन विश्वासू साक्षीदारांच्या सह्या घेऊन ते करावे. शक्य तर त्याची नोंदणीही करावी. त्यात ज्यांनी आपल्याला सांभाळले त्यांची नावे घालावीत, मग ती वंशावळीत असोत वा नसोत. लेकी-सुनांची नावे माहेर-सासरसह लिहावीत. ज्यांना विद्येसाठी काही द्यावयाचे असेल त्यांनी तेही स्पष्ट लिहावे. रागाच्या भरात नव्हे, संतोषाने लिहावे. असे कागद घरात असतील तर कुलवृत्तान्तासाठी त्यांच्या नकला आम्हास दाखवाव्यात. मूळ कागद कोणीही हातचा सोडू नये.

कोतान्याच्या एका निराधार मुलीला जन्माने कुटुंब लाभले नाही. पतीच्या सवतीची संतती, उपकारकर्त्याचा मुलगा, पदरची माणसे, यांतून तिने ते उभे केले आणि अखेरीस शाईने कागदावर लिहून ठेवले. म्हणून इतक्या वर्षांनंतरही ते पुसले गेले नाही. तिच्या आयुष्यातील सर्वच गोष्टी अनुकरणीय आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण ही एक निश्चित आहे.